आधी ट्रान्सड्यूसर, मग पडदा: फिशफाइंडर आणि जीपीएसबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बऱ्याच पत्रांचा रोख एकाच गोष्टीवर आहे: नवा फिशफाइंडर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून खोली आणि मासे दाखवणारा सेट, घ्यायचा तर कोणता. उत्तरांत कंपन्यांची नावं मुद्दाम घातलेली नाहीत. मॉडेलं वर्ष-दोन वर्षांत बदलतात; घेताना काय तपासायचं ते फारसं बदलत नाही.

प्रश्न: नऊ मीटरची फायबरची बोट आहे. गळ आणि जाळी दोन्ही चालतात. काम बहुतेक २० ते ६० मीटर पाण्यात, क्वचित १२० पर्यंत. विक्रेता बारा इंची पडद्याचा सेट सुचवतो आणि ट्रान्सड्यूसर ‘सोबत येतोच’ म्हणतो. घ्यावा का?

उत्तर: पडदा शेवटी ठरवा. पाण्यात आवाज सोडतो आणि परत आलेला ऐकतो तो ट्रान्सड्यूसर. त्याने जे ऐकलंच नाही ते बारा इंचांवरही उमटणार नाही. ‘सोबत येतो’ तो बहुधा मागच्या फळीवर स्क्रूने लावायचा, प्लास्टिकचा, लहानसा असतो. तलावात किंवा शांत उथळ पाण्यात त्याचं बरं चालतं. लाटेवर बोटीचा मागचा भाग उचलला गेला किंवा पंख्याचा फेस खाली शिरला, की तळाची रेघ तुटते आणि खोलीचा आकडा लुकलुकायला लागतो. तुमच्या कामाला तळातून बसवलेला, ५० आणि २०० किलोहर्ट्झ अशा दोन फ्रिक्वेन्सींचा, ६०० वॅटचा ट्रान्सड्यूसर आधी पक्का करा. त्यापायी पडदा नऊ किंवा सात इंचांवर आणावा लागला तर खुशाल आणा.

दोन फ्रिक्वेन्सी कशासाठी, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. म्हणजे ५० किलोहर्ट्झची एक लहर ३ सेंटीमीटर लांब, २०० ची साडेसात मिलिमीटर. लहर आखूड तितका तपशील बारीक, पण खारं पाणी २०० चा आवाज ५० च्या तिपटीहून जास्त शोषतं. त्यात मोठा वाटा विरघळलेल्या मॅग्नेशियम सल्फेटचा. गोड्या पाण्यात हे शोषण फारच कमी, म्हणून तिथे तोच सेट कितीतरी खोल दाखवतो. जाहिरातीतला खोलीचा आकडा कोणत्या पाण्यातला आहे ते विचारून घ्या.

दुसरा फरक झोताच्या कोनाचा. नेहमीच्या दुहेरी ट्रान्सड्यूसरमध्ये ५० चा झोत साधारण ४५ अंशांचा आणि २०० चा १२ अंशांचा असतो. ४० मीटर पाण्यात, म्हणजे साधारण २२ वावांवर, रुंद झोत तळाचं ३३ मीटर व्यासाचं वर्तुळ पाहतो आणि अरुंद झोत जेमतेम साडेआठ मीटरचं. मग रुंदच चांगला की! शोधायला चांगला, तळालगतचे मासे पाहायला मात्र नाही. सेटला फक्त अंतर कळतं, दिशा कळत नाही. तळाचा पहिला प्रतिध्वनी थेट खालून, ४० मीटरवरून येतो आणि तिथून खालचा सगळा भाग तळ म्हणून रंगतो. झोताच्या कडेला तळापासून मीटरभर वर असलेला मासा तिरक्या रेषेत ४२ मीटरवर असतो, म्हणजे तो तळाच्या रंगात बुडाला. रुंद झोताच्या कडेचा मासा वेगळा दिसायचा तर तो तळापासून तीन मीटरहून जास्त वर हवा. १२ अंशांच्या झोतात हीच मर्यादा २२ सेंटीमीटर. रुंद झोतावर तळ कोरा दिसतो आणि ट्रॉल मात्र भरून येते, त्यामागचं नेहमीचं कारण हेच.

तेव्हा शोधताना पडदा दुभंगून दोन्ही फ्रिक्वेन्सी लावा. थव्यावर आलात की २०० वर या, तळालगतचा भाग मोठा करून दाखवणारी खिडकी उघडा, तिची उंची पाच-सहा मीटरच ठेवा.

प्रश्न: एका सेटवर ५०० वॅट लिहिलंय, दुसऱ्यावर ४०००. किमती जवळजवळ सारख्या. चार हजारवाला आठपट ताकदीचा का?

उत्तर: बहुधा दोघांची ताकद एकच. पहिला आकडा आरएमएस वॅटचा, म्हणजे सरासरी ताकदीचा; दुसरा पीक-टू-पीकचा, म्हणजे लहरीच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत मोजलेला. पीक-टू-पीक आकडा आरएमएसच्या आठपट येतो. ४००० भागिले ८, उत्तर ५००. तुलना नेहमी आरएमएसमध्ये करा. माहितीपत्रकात तो आकडा नसेल तर विचारा, आणि विचारूनही मिळाला नाही तर काय समजायचं ते समजा.

वॅटचं फार अप्रूपही नको. एकट्या माशाला दुप्पट खोलीवर तितकंच ठळक पाहायचं तर सोळापट वॅट लागतात, पाण्याचं शोषण आणखी वेगळं. ६०० वरून १००० वॅटवर गेल्याने फक्त २.२ डेसिबलची भर पडते. १ किलोवॅटचे ट्रान्सड्यूसर खरोखर खोल पाहतात, पण त्याचं श्रेय जास्त करून त्यांच्या आतल्या मोठ्या किंवा एकाहून अधिक सिरॅमिक चकत्यांना आहे. चकती मोठी म्हणजे झोत अरुंद, आवाज एकवटलेला आणि ऐकणंही तितकंच तिखट. सतत ३०० मीटरच्या पुढे काम असेल तर किलोवॅटकडे वळा.

उलटी चूक जास्त महाग पडते. किलोवॅटचा सेट ६०० वॅटच्या ट्रान्सड्यूसरला जोडून पूर्ण ताकदीवर चालवला, तर चकती तापून तडकू शकते. काही सेट ट्रान्सड्यूसर ओळखून ताकद आपोआप कमी करतात. जुना ट्रान्सड्यूसर नव्या सेटला अडॅप्टरने जोडला असेल तर ही ओळख पटतेच असं नाही. मेन्यूत वॅट हाताने घाला.

प्रश्न: चर्प म्हणजे नेमकं काय, आणि माझ्या जुन्या ५०/२०० च्या ट्रान्सड्यूसरवर ते चालेल का?

उत्तर: साधा सेट एकाच सुराची टिचकी मारतो. ती टिचकी एक मिलिसेकंदाची असेल तर पाण्यात दीड मीटर लांब होते, आणि एकमेकांच्या वर-खाली पाऊण मीटरच्या आत असलेले दोन मासे पडद्यावर चिकटून एक होतात. चर्प सेट टिचकीतच सूर चढवत नेतो, समजा १३० पासून २१० किलोहर्ट्झपर्यंत, आणि परत आलेल्या सुराशी तो नमुना जुळवून पाहतो. मग वेगळेपणा टिचकीच्या लांबीवर नाही, सुरांच्या पट्ट्यावर ठरतो. ८० किलोहर्ट्झच्या पट्ट्याला हिशेबाने तो सेंटीमीटरभर येतो.

कागदावर, अर्थात. पडद्याला उभे ६०० ठिपके असतील आणि ६० मीटर पाणी दिसत असेल, तर एका ठिपक्याला १० सेंटीमीटर पाणी आलं. चर्पचा बारकावा बघायचा तर झूम करावंच लागतं. पडद्याचे उभे ठिपके मोजायचे ते इथे. इंच मोजून काही कळत नाही.

जुना ट्रान्सड्यूसर चालेल, पण सतारीची एक तार सगळे सूर वाजवील अशी अपेक्षा ठेवल्यासारखं होईल. तो आपल्या ठरलेल्या दोन फ्रिक्वेन्सींच्या आसपासच घुमतो. पट्टा अरुंद, फायदा थोडका. चर्पसाठी वेगळे रुंद पट्ट्याचे ट्रान्सड्यूसर येतात आणि ते महाग असतात. तो खर्च झेपत नसेल तर आत्ता चर्प सेट घेऊन ट्रान्सड्यूसर नंतर बदलणं हा ठीक मार्ग आहे. उलट क्रम कामाचा नाही.

प्रश्न: तळातून ट्रान्सड्यूसर बसवायचा आहे. एक बोट लाकडी, एक लोखंडी. भोक कुठे पाडावं, कोणत्या धातूचा घ्यावा? फायबरच्या बोटीत भोक न पाडता आतून चिकटवता येतो म्हणतात, ते खरं का?

उत्तर: लाकडी बोटीला ब्राँझचा घ्या. प्लास्टिकचा नको, कारण लाकूड पाण्याने फुगतं आणि भोक आवळून प्लास्टिकच्या दांड्याला तडा जाऊ शकतो. लोखंडी किंवा अॅल्युमिनियमच्या तळाला ब्राँझ वर्ज्य. दोन वेगळे धातू आणि खारं पाणी मिळून बॅटरीच होते, आणि झिजतो तो तुमचा तळ. तिथे प्लास्टिकचा, किंवा इन्सुलेटिंग बुश आणि वॉशर घालून तळापासून पूर्ण वेगळा ठेवलेला स्टेनलेस स्टीलचा. फायबरला ब्राँझ, प्लास्टिक दोन्ही चालतात.

आतून चिकटवायचा ट्रान्सड्यूसर फक्त भरीव फायबरच्या तळात चालतो. लाकडातून, धातूतून नाही. दोन फायबरच्या थरांमध्ये फोम किंवा बाल्सा असेल तर तिथूनही नाही, कारण फोमातल्या हवेत आवाज अडतो. भरीव फायबरमध्येही प्रत्येक टिचकी जाताना आणि येताना तळातून गाळून निघते, त्यामुळे थोडा जोर कमी होणारच, आणि पाण्याचं तापमान कळणार नाही. चिकटवण्याआधी जागा तपासा: प्लास्टिकच्या पातळ पिशवीत पाणी भरून ट्रान्सड्यूसर त्यात बुडवा, ती पिशवी आतून ओल्या तळावर दाबून धरा आणि ओळखीच्या खोलीवर सेट चालवून पाहा. आकडा स्थिर राहिला तर जागा बरी. शेजारी हातभर सरकवून पुन्हा पाहा, फरक दिसतो.

आता भोक कुठे. पाणी जिथे बुडबुड्यांशिवाय तळाला लागून वाहतं तिथे. पाणी कापत संथ चालणाऱ्या बोटीत नाळेपासून (पुढच्या टोकापासून) पाणरेषेच्या साधारण एक तृतीयांश लांबीवर. पाण्यावर उचलून पळणाऱ्या बोटीत मागे, कारण पुढचा भाग हवेतच असतो. पाणी ओढणारी तोंडं, पट्ट्या, आधीच्या फिटिंग यांच्या मागच्या रेषेत नको. पंखा एकच आणि मागून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरणारा असेल तर उजवी बाजू पत्करा. तिथे पाती खाली जातात आणि खळबळ कमी असते.

तळ व्ही आकाराचा असला तर ट्रान्सड्यूसर सरळ बसवल्यावर झोत बाजूला जातो. तळाचा उतार आधी मोजा, बोट ओढून वर घेतली असताना कोनमापकाने. ८ ते १५ अंशांना १२ अंश कललेल्या चकतीचा आणि १६ ते २४ अंशांना २० अंश कललेल्याचा ट्रान्सड्यूसर मिळतो. कललेली बाजू कोणती त्याचा बाण वर कोरलेला असतो; तो उलटा बसला तर चूक दुप्पट होते. दुसरा मार्ग फेअरिंग ब्लॉकचा, म्हणजे तळाच्या उताराला तासून घेतलेला ठोकळा. त्याने चकतीही बुडबुड्यांच्या थराखाली उतरते. खोल पाण्यात काम करणाऱ्या मोठ्या बोटीला हाच बरा.

आधी आतून ३ मिलिमीटरचं भोक पाडून बाहेर नेमकं कुठे येतं ते पाहा, मगच मोठं कटर लावा. फोमच्या तळात मोठ्या भोकाच्या कडेचा फोम खरवडून एपॉक्सीने भरून घ्या, नाहीतर पाणी फोमात झिरपतं आणि तळ आतून कुजतो. सागरी सीलंट तळाशी, दांड्यावर आणि नटाखाली लावा, नट आवळा, पण पाना घेऊन जीव काढू नका. बोट पाण्यात उतरवली की लगेच आत हात फिरवून पाहा, तासाभराने पुन्हा पाहा. बोट तशीच पाण्यात सोडून घरी जायचा हा दिवस नव्हे.

चकतीवर शेवाळ आणि कालवं बसली की आवाज मंदावतो. पाण्यावर आधारलेला अँटिफाउलिंग रंग पातळ हात देऊन लावा. अॅसिटोन किंवा तत्सम द्रावक असलेला रंग लावला तर प्लास्टिकचं तोंडच विरघळतं. केबल कापू नका, जास्तीची राहिली तर इंग्रजी आठच्या आकारात गुंडाळून ठेवा.

प्रश्न: पडद्यावर सतत ठिपक्यांचा पाऊस पडतो. गेन (सेटच्या ऐकण्याची तीव्रता) कमी केला की मासेही जातात. सेट खराब आहे का?

उत्तर: सेटवर आळ घेण्याआधी एक सकाळ यासाठी द्या. नांगर टाका, इंजिन आणि बाकी सगळं बंद करा, फक्त सेट चालू. पडदा स्वच्छ असेल तर गेन वाढवत न्या, बारीक ठिपके दिसायला लागले की थांबा. आता एकेक गोष्ट चालू करा: दिवे, पंप, इन्व्हर्टर, रेडिओ, मोबाइलचा चार्जर. ज्याच्यानंतर ठिपके वाढले तो चोर. स्वस्त एलईडी दिवे आणि इन्व्हर्टर हे नेहमीचे संशयित.

मग इंजिन चालू करून न्यूट्रलमध्ये रेस वाढवा. ठिपके रेसबरोबर दाट झाले तर आवाज विजेचा आहे: अल्टरनेटर, सैल अर्थिंग, किंवा ट्रान्सड्यूसरची केबल इंजिनाच्या तारांना बांधलेली. केबल वेगळ्या वाटेने न्या. ओलांडणं भागच असेल तर काटकोनात ओलांडा. न्यूट्रलमध्ये पडदा स्वच्छ आणि गिअर टाकून वेग घेतला की धुकं, तर वायरिंगला हात लावू नका. तो पाण्याचा आवाज आहे: बुडबुडे, वाकलेलं पातं, नाहीतर चुकलेली जागा.

ठरावीक अंतराने तिरक्या तुटक रेघा सरकत असतील तर शेजारच्या बोटीचा साउंडर, म्हणजे फिशफाइंडरच, त्याच फ्रिक्वेन्सीवर आहे. त्यावर सेटमधला इंटरफिअरन्स फिल्टर हे योग्य औषध. बाकी दुखण्यांवर तोच फिल्टर कमाल पातळीवर ठेवला तर लहान मासेही पुसले जातात.

वरच्या दोन-तीन मीटरचा गढूळ पट्टा मात्र प्रत्येक पडद्यावर असतो. तो पूर्ण घालवायच्या नादी लागू नका.

प्रश्न: जाळ्यात मासा येतो, पण पडद्यावर काहीच नव्हतं. आणि कधी याच्या उलट.

उत्तर: माशाच्या प्रतिध्वनीचा मोठा भाग त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून येतो, घोळीच्या बाबतीत जिला बोत म्हणतात ती. ज्यांना पिशवीच नाही, जसे अटलांटिक मॅकरेल, स्किपजॅक कुपा किंवा माकुल, ते ५० किलोहर्ट्झवर फिके दिसतात. २०० वर त्यांची शक्यता बरी. कोणता मासा शोधताय त्यावर फ्रिक्वेन्सी ठरवा.

उलट प्रकाराचं कारण बहुधा पडदा वाचण्यात असतं. पडद्यावर ‘आत्ता’ म्हणजे फक्त उजव्या कडेची एक उभी रेघ. बाकी सगळा इतिहास. डावीकडे दिसणारा थवा केव्हाच मागे राहिला. बोट जागेवर उभी असेल आणि खाली एकच मासा रेंगाळत असेल तर पडद्यावर लांबलचक आडवी रेघ येते. तिला मोठा मासा समजून गळ टाकणारे कमी नाहीत.

प्रश्न: ओळखीच्या तांडेलाने खडकाचं ठिकाण लिहून दिलं. तिथे गेलो तर खडक अर्धा किलोमीटर बाजूला. जीपीएस इतका चुकतो?

उत्तर: जीपीएस नाही, लिहिण्याची रीत चुकली. मोकळ्या आकाशाखाली साधा रिसीव्हरही काही मीटरांत अचूक असतो. २००० सालच्या मे महिन्यात अमेरिकेने मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली, तेव्हापासून हे असंच आहे.

अक्षांश लिहायच्या तीन रीती आहेत. १५ अंश ३०.४५ मिनिटं, हेच १५.५०७५ अंश, आणि हेच १५ अंश ३० मिनिटं २७ सेकंद. कोणी ‘१५, ३०, ४५’ असं वहीत लिहून दिलं तर शेवटचे ४५ सेकंद आहेत की मिनिटाचा दशांश भाग? ४५ सेकंद म्हणजे ०.७५ मिनिट. दोन अर्थांत ०.३० मिनिटाचा फरक. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर, म्हणून तुमची चूक ५५६ मीटर. तुमचा अर्धा किलोमीटर बहुधा हाच. १५.५०७५ हे कोणी १५ अंश ५०.७५ मिनिटं म्हणून घातलं तर चूक २० सागरी मैलांच्या वर जाते.

एक झटपट कसोटी: त्या माणसाच्या वहीतल्या यादीत शेवटचा आकडा कुठेही ६० किंवा त्याहून मोठा असेल तर ते सेकंद नव्हेत. आणि दशांशाचे तीनही अंक मागा. तिसऱ्या अंकाचा एक म्हणजे १.८५ मीटर, दोनच अंकांवर आणलं तर ९ मीटरपर्यंत इकडेतिकडे.

प्लॉटरचं, म्हणजे नकाशावर बोटीची जागा दाखवणाऱ्या सेटचं, डेटम (नकाशाचं मोजमाप ज्यावर बेतलेलं असतं तो पाया) डब्ल्यूजीएस ८४ आहे ना तेही पाहा. जुन्या कागदी नकाशावरून उतरवलेली ठिकाणं दुसऱ्या डेटमवर असू शकतात आणि शेकडो मीटर सरकतात.

स्वतः खूण करताना आणखी एक चूक होते. थवा दिसला, बटण शोधलं, दाबलं, दहा सेकंद गेले. सहा नॉटच्या वेगाला बोट तोवर ३० मीटर पुढे. फिशफाइंडर आणि प्लॉटर एकत्र असलेल्या बऱ्याच जोड सेटमध्ये कर्सर मागे नेऊन फिशफाइंडरच्या चित्रातल्या थव्यावर ठेवता येतो आणि तिथेच वेपॉइंट, म्हणजे जागेची खूण, टाकता येतो. सेट तेव्हाची जागा घेतो. हे जमतं का, ते घेताना दुकानात करून दाखवायला सांगा.

प्रश्न: मोबाइलमध्ये जीपीएस आणि नकाशे दोन्ही आहेत. वेगळा प्लॉटर कशाला?

उत्तर: जागा मोबाइलही ठीक दाखवतो. ओल्या बोटांनी त्याचा टच चालत नाही, उन्हात पडदा काळा दिसतो, तापला की बंद पडतो, आणि रेडिओला किंवा ऑटोपायलटला तो थेट तारेने जोडता येत नाही. राखीव म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवलेला मोबाइल उत्तम.

प्लॉटर घेताना पाण्यासाठी आयपीएक्स७ ची खूण पाहा, म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकण्याची चाचणी. बाहेरचा अँटेना लावत असाल तर तो रडारच्या झोतात नको आणि डोलकाठीच्या शेंड्यावरही नको. तिथे बोट डुलली की अँटेनाही मीटर-दोन मीटर डुलतो आणि वेग उगाच कमी-जास्त दिसतो. संथ वेगात प्लॉटरवरची बोट भलत्या दिशेला तोंड करते, तो बिघाड नाही. जीपीएसला तुमची सरकण्याची दिशा कळते, नाळ कुठे आहे ते कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक होकायंत्र किंवा दोन अँटेनांचा सॅटेलाइट कंपास लागतो.

प्रश्न: व्हीएचएफ रेडिओवर ‘नो पोझिशन’ येतं. प्लॉटर शेजारीच आहे.

उत्तर: आज दुरुस्त करा, बाकीची पत्रं नंतर वाचा. रेडिओत जागा नसेल तर लाल बटणाचा संकटसंदेश चॅनल ७० वर जाईल, पण तुम्ही कुठे आहात ते त्यात नसेल.

एनएमईए ०१८३ च्या, म्हणजे बोटीवरच्या उपकरणांना एकमेकांशी जोडायच्या जुन्या पद्धतीच्या, तारा असतील तर प्लॉटरची टीएक्स (पाठवणारी) प्लस रेडिओच्या आरएक्स (घेणाऱ्या) प्लसला आणि टीएक्स मायनस आरएक्स मायनसला जोडा. तारांचे रंग दोन कंपन्यांत जुळत नाहीत, दोन्ही पुस्तिका समोर ठेवा. माहिती जाण्याचा वेग दोन्हीकडे ४८०० बॉड हवा. एआयएससाठी (आजूबाजूच्या बोटींची ओळख आणि जागा कळवणाऱ्या यंत्रणेसाठी) तोच पोर्ट कोणी ३८४०० वर नेऊन ठेवलेला असतो, नेहमीची भानगड. प्लॉटरमधून आरएमसी हे वाक्य, म्हणजे जागा आणि वेळ कळवणारा संदेश, बाहेर जातंय का पाहा. रेडिओत नऊ आकडी एमएमएसआय, म्हणजे बोटीचा रेडिओवरचा ओळख क्रमांक, घातलेला हवा. मग रेडिओवरची जागा प्लॉटरशी ताडून पाहा. लाल बटण दाबून चाचणी करायची नाही.

जोडणी एनएमईए २००० ची असेल तर वीज बंद करून मुख्य केबलच्या दोन डेटा तारांमध्ये मीटरने रोध मोजा. ६० ओहमच्या आसपास हवा. १२० आला तर दोन टोकांपैकी एका टोकाचा टर्मिनेटर, म्हणजे टोकाला लावायचा रोधक, गायब आहे. ४० आला तर कोणीतरी तिसरा लावलाय. मुख्य केबलपासून उपकरणापर्यंतची फांदी ६ मीटरपेक्षा लांब नको.

प्रश्न: इंजिन स्टार्ट केलं की सेट बंद होऊन पुन्हा चालू होतो.

उत्तर: स्टार्टर फिरताना बॅटरीचा व्होल्टेज खाली जातो, त्यात तार बारीक. बॅटरीपासून सेट ६ मीटरवर असेल तर वीज जाऊन-येऊन १२ मीटर फिरते. १.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत ३ अँपिअरला ०.४२ व्होल्ट वाटेतच जातात, २.५ च्या तारेत ०.२५. कलई केलेली २.५ ची तार थेट बॅटरीपासून आणा, फ्यूज बॅटरीजवळ लावा. तरीही थांबलं नाही तर इलेक्ट्रॉनिक्सला वेगळी बॅटरी द्या.

प्रश्न: पर्ससीनसाठी (थव्याला वेढा घालायच्या जाळ्यासाठी) आजूबाजूला बघणारा सोनार घ्यायचा आहे. फिरत्या झोताचा पुरेल का, की ओम्नीच घ्यावा?

उत्तर: हिशेब वेळेचा आहे. फिरत्या झोताचा सोनार एका दिशेला टिचकी मारतो, परत येईपर्यंत थांबतो, मग पुढच्या दिशेला वळतो. ४०० मीटरच्या पल्ल्याला जाऊन-येऊन ०.५३ सेकंद. ६ अंशांची पायरी धरली तर पूर्ण फेरीला ६० टिचक्या, सुमारे ३२ सेकंद. आठ नॉटने तेवढ्या वेळात बोट १३० मीटर सरकते, थवाही गप्प बसत नाही. ओम्नी एकाच टिचकीत चारी बाजू पाहतो. किमतीतलं अंतर तसंच मोठं आहे. फिरता सोनार घेतलात तर पूर्ण फेरी न मारता पुढचे १२० अंशच फिरवा. चित्र तिप्पट लवकर ताजं होतं.

उथळ पाण्यात दोन्हींची अडचण एकच. १२ अंश रुंदीचा झोत ५ अंश खाली कलवला तर त्याची खालची कड ११ अंशांवर असते, आणि ३० मीटर पाण्यात ती दीडशे मीटरवरच तळाला आपटते. त्यापुढे तळाचा लाल पट्टा येतो आणि थवा त्यात हरवतो. कल कमी करा, गेन उतरवा. थवा आणि तळ वेगळे करायला एक खूण: बोट पुढे जाते तसा तळाचा पट्टा बोटीपासून तेवढ्याच अंतरावर राहतो, थवा जवळ येतो.

हे सोनार तळातून खाली उतरणाऱ्या दांड्यावर असतात. खाली उतरलेला असताना किती वेगाने जायचं त्याची मर्यादा पुस्तिकेत असते, ती सुकाणूजवळ मोठ्या अक्षरांत लिहून लावा. बंदरात शिरण्याआधी दांडा वर.

प्रश्न: जुना जीपीएस आणि साउंडर वापरलेला मिळतोय. काय तपासावं?

उत्तर: जीपीएस उघड्यावर पंधरा मिनिटं चालू ठेवा आणि तारीख पाहा. जीपीएसच्या जुन्या संदेशात आठवडे १०२३ पर्यंतच मोजले जातात, मग पुन्हा शून्य. असं १९९९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०१९ च्या ६ एप्रिलच्या रात्री झालं. पुढचं २०३८ च्या नोव्हेंबरमध्ये. जुन्या रिसीव्हरची तारीख त्यामुळे जवळजवळ वीस वर्षं मागे जाते. जागा बहुधा बरोबरच येते, पण त्यातली भरती-ओहोटी आणि सूर्योदयाच्या वेळा चुकतात. कंपनी अपडेट देत नसेल तर तो केवळ राखीव म्हणून घ्या.

साउंडरच्या कनेक्टरमधल्या पिना हिरव्या पडल्यात का पाहा. ट्रान्सड्यूसरची केबल मध्येच कापून जोडलेली असेल तर सोडून द्या. सेट चालू करून ट्रान्सड्यूसरजवळ कान न्या, बारीक टिकटिक ऐकू यायला हवी. ती आली म्हणजे चकती जिवंत आहे एवढंच कळतं. किती ऐकते ते बादलीत कळत नाही, त्यासाठी ओळखीच्या खोलीवर नेऊन पाहायला लागतं. विकणारा तेवढं थांबायला तयार नसेल तर पैसे खिशातच ठेवा.